कला ही सवडीची चीज नव्हे

कलेसाठी कला की जीवनासाठी कला, हा वाद ना. सी. फडके आणि वि. स. खांडेकर यांच्या नावांशी कायमचा जोडला गेला आहे. त्या वादात महाराष्ट्राने पुष्कळ शाई खर्च केली, आणि ती सगळी वाया गेली असे मी म्हणणार नाही. परंतु दोन्ही पक्षांनी एक गोष्ट मुकाट्याने गृहीत धरली होती. कला म्हणजे कुणा लेखकाने वा चित्रकाराने निर्मावयाची आणि इतरांनी आस्वादावयाची वस्तू, हे ते गृहीत होय. ज्यांच्या जीवनासाठी ती असावी की नसावी याचा एवढा खल झाला, ती माणसे स्वतःही काही निर्माण करीत असतील, हा विचार त्या रणधुमाळीत बाजूलाच राहिला.

आज तो वाद थंडावला आहे. त्याचे गृहीत मात्र घरोघर नांदते आहे. ‘आधी पोट, मग कला’ हे त्याचे व्यवहारी रूप. हे वाक्य उच्चारणारा गृहस्थ बहुधा जेवून तृप्त झालेला असतो, ही गोष्ट सोडून देऊ. पण वाक्य तरी खरे आहे काय? पहाटे जाते ओढणारी बाई पोट भरल्यावर ओवी म्हणत नव्हती. ज्या पिठाची भाकरी अजून व्हावयाची होती, ते पीठ पाडताना ती म्हणत होती. गी पॉइतवाँ, हेमा राईरकर आणि त्यांचे सहकारी यांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांत विठ्ठल आहे, सीता आहे, भाऊ आणि माहेर आहे, सासुरवास आहे, आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरही आहेत. शाळेचे तोंड न पाहिलेल्या बायांनी आपल्या काळातला मोठा माणूस ओळखला आणि जुन्या ओवीत त्याला मानाची जागा करून दिली. याला कल्पनाशक्ती म्हणावयाचे नाही, तर कशाला? खानदेशच्या बहिणाबाई चौधरी निरक्षर होत्या. त्या १९५१ साली वारल्या आणि १९५२ साली त्यांची कविता पुस्तकरूपाने आली. पुस्तक निघाले नसते, तरी शेतात आणि चुलीपाशी जुळत होती तेव्हाही ती कविताच होती. आपल्याला ती छापल्यावर दिसली, हा दोष आपल्या डोळ्यांचा.

‘मग बायांना पुन्हा जात्यावर बसवावयाचे काय?’ असे कुणी विचारील. मुळीच नाही. पिठाची गिरणी आली हे फार चांगले झाले. जात्याचे गोडवे गाणारे बहुधा जाते कधीही न ओढलेले पुरुषच असतात. माझे म्हणणे निराळे आहे. गिरणीने दळण मागितले होते, ओवी मागितली नव्हती. ती आपण होऊन टाकून दिली. हातांना विसावा मिळाला त्याबरोबर आपण गळ्यालाही रजा दिली, आणि आता गाणे म्हणजे दुसऱ्याने म्हणावयाचे व आपण ऐकावयाचे, एवढाच अर्थ उरला. गोधडीचीही तीच कथा. जुन्या लुगड्याचा कोणता तुकडा कोणत्या तुकड्याशेजारी शोभेल याचा विचार करणारी आजी केवळ थंडीसाठी शिवत नव्हती. थंडीला रंगसंगती लागत नाही. वारली समाजात सुवासिनी लग्नघराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक काढतात. तो लग्नविधीचाच भाग असतो. जिव्या सोमा मशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, हे उचितच झाले. पण आपण त्या चित्रापासून घेतले काय? तर छापील पडदा आणि चहाचा कप! आपल्या घरच्या भिंतीवर आपल्या हाताने चार रेघा ओढण्याचे धैर्य काही घेतले नाही.

हे धैर्य कुठे हरवते, ते शाळामास्तराला ठाऊक असते. बालवाडीतले पोर कागद दिसला की रेघोट्या मारते; तेच पोर आठवीत ‘मला चित्र येत नाही’ असे सांगते. मधल्या वर्षांत आपण त्याला डोंगर शिकवलेला असतो. दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली नदी, काठाला झोपडी आणि नारळाचे झाड. ज्या मुलाने जन्मात माड पाहिला नाही, ते मराठवाड्यातले मूलही माडच काढते. दारातली बाभळ त्याला चित्रात घेण्याजोगी वाटत नाही. पुढे एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षा येतात. तिथे स्मरणचित्र नावाचा विषय आहे. किती सुंदर कल्पना! पण मुले स्मरण ठेवतात ते पुस्तकातल्या तयार चित्राचे. गावचा बाजार दर आठवड्याला डोळ्यांपुढे भरतो, आणि कागदावर उतरतो तो पाठ केलेला बाजार. इंटरमिजिएटच्या श्रेणीला दहावीत वाढीव गुण मिळू लागल्यापासून पालकांना चित्रकलेचे महत्त्व पटले आहे, असे म्हणतात. पटले आहे ते गुणांचे महत्त्व.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभरावर मुले असतील, तर कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक असावा, असे सांगितले आहे. म्हणजे कायद्यालाही कला चैनीची वाटली नाही. ती चैनीची वाटते आपल्याला. गणिताचा भाग मागे पडला की पहिला बळी चित्रकलेच्या तासाचा जातो, आणि त्यावर तक्रार करणारा पालक क्वचितच भेटतो. गंमत अशी की, भूमितीच्या आरंभीच आपण मुलाला काय सांगतो? ज्याला लांबी नाही, रुंदी नाही, असा बिंदू मनात आण! कल्पना हेच जिथे भांडवल, त्या विषयासाठी कल्पनेचा तास कापावयाचा, याला व्यवहार म्हणत नाहीत.

कलेने प्रत्येक मूल कलावंत होईल, असा माझा दावा नाही. व्याकरण शिकून प्रत्येकजण कुठे ग्रंथकार होतो? पण ज्याने एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बाभळ पाहून काढली, त्याला दुसऱ्याचा डोंगर आपला म्हणून विकणे अवघड जाते. मग तो डोंगर चित्रातला असो, जाहिरातीतला असो, की निवडणुकीच्या सभेतला. पोटासाठी राबणाऱ्या माणसाला याची गरज अधिक आहे. कारण फसवणूक प्रथम त्याचीच होते. तेव्हा चित्रकलेचा तास गणिताला देऊ नका. आणि त्या तासाला मुलांना बाभळ काढू द्या.