आवळ्याचे पितृत्व आणि औषधनिर्मात्यांचे कर्तव्य

गर्भोत्पत्ती सांगताना सुश्रुताचार्यांनी अंकुराची उपमा देऊन ऋतु, क्षेत्र, अंबु व बीज हे चार घटक मानले. च्यवनप्राशासाठी आवळा खरेदी करताना आपण क्षेत्राची चौकशी करतो. बीजाविषयी मात्र मौन पाळतो.

आज लागवडीत असलेली कृष्णा ही जात बनारसीच्या, कांचन चकैयाच्या आणि एनए-७ फ्रान्सिसच्या मुक्त परागीभवनातून उपजलेल्या रोपांतून निवडलेली आहे. आचार्य नरेंद्र देव कृषी विद्यापीठाचे हे कार्य निःसंशय मोठे. परंतु मुक्त परागीभवन म्हणजे माता ज्ञात, पिता अज्ञात! पुढील संकर विचारपूर्वक करावयाचा तर हे अज्ञान परवडणारे नाही.

डीएनए चिन्हकांची उपयुक्तता येथेच आहे. प्रत्येक चिन्हकस्थानी अपत्याला काही अंश मातेकडून, काही पित्याकडून येतो. रोपात असा अंश आढळला की जो मातेतही नाही व सांगितलेल्या पित्यातही नाही, तर तो दावा फेटाळला जातो. जुळणी झाली म्हणून पितृत्व लगेच सिद्ध होत नाही; अनेक चिन्हके जुळली तरच विश्वास वाढतो. आवळ्यात गुणसूत्रांचे संच दोनांहून अधिक असल्याने हे वाचन किचकट होते, हेही मान्य केले पाहिजे.

कलमांचा प्रश्न त्याहून सोपा आणि अधिक निकडीचा आहे. घाटनांदूरसारख्या बालाघाटावरील गावी कोरडवाहू रानात आवळा लावणारा शेतकरी चिठ्ठीवरील नावावर विसंबतो. डोळा मेला आणि खुंटाचीच फूट वाढली, तर फळ धरेपर्यंत, म्हणजे तीन-चार वर्षे, ते उमगत नाही. तोवर पाणी, खत, कुंपण सारे खर्ची पडलेले असते. कलमाचा डीएनए मातृवृक्षाशी तंतोतंत जुळावयास हवा. एका पानावरून हे रोपवाटिकेतच कळू शकते. प्रत्येक रोप तपासण्याचीही गरज नाही. मातृवृक्ष आणि प्रत्येक खेपेतील मोजकी रोपे पुरेत.

‘आयुर्वेदाला डीएनए कशाला?’ असे काही ज्येष्ठ वैद्य विचारतील. रस, वीर्य, विपाक ही चाचणी सांगत नाही, सांगणारही नाही. ती परीक्षा आपलीच. पण ज्या झाडावर ती केली तेच झाड पुढे लावले गेले, याची खात्री केवळ जिभेने कशी व्हावी?

म्हणून बागाईतदारांशी आवळ्याचा करार करणाऱ्या फार्मसीचालकांनी रोपांचा तपासणी-दाखला मागावा आणि त्याचा खर्च स्वतः उचलावा. तो शेतकऱ्याच्या माथी मारू नये.