‘योग्य’ या शब्दाची घसरगुंडी

दसऱ्याच्या दिवशी आपल्याकडे मोटार धुऊन पुसून तिला झेंडूची माळ घालतात आणि चाकाखाली लिंबू ठेवतात. त्याच सुमारास जर्मनीतले लोक मोटारीची चाके उतरवून दुसरी चढवतात. उन्हाळी टायर तळघरात जातात, हिवाळी बाहेर येतात. त्यासाठी तिकडे एक म्हणच होऊन बसली आहे : ‘ओ ते ओ’. पहिला ओ ऑक्टोबरचा आणि दुसरा ओस्टर्नचा, म्हणजे ईस्टरचा. माझी धाकटी बहीण लग्नानंतर स्टुटगार्टच्या दक्षिणेला, डोंगरावरच्या एका लहानशा गावी राहते. तिने ही म्हण सांगितली तेव्हा मी लगेच आपल्या पंचांगात तिचे भाषांतर करून टाकले. “म्हणजे दसऱ्याला चढवायचे आणि पाडव्याला उतरवायचे. दोन्ही साडेतीन मुहूर्तांतले!”

“मुहूर्त तुझे,” ती म्हणाली. “इथल्या कायद्यात तारीखच नाही.”

गेल्या डिसेंबरात नाताळच्या सुट्टीला रजेचे ठिगळ लावून मी तिच्याकडे तीन आठवडे राहून आलो, तेव्हाची ही गोष्ट. तारखेवाचून कायदा असतो हे मला पटेना. शेजारच्या ऑस्ट्रियात १ नोव्हेंबर ते १५ एप्रिल अशी मुदत आहे. त्या मुदतीत रस्त्यावर बर्फ असला तर हिवाळी टायर हवेत. स्वीडनमध्ये १ डिसेंबर ते ३१ मार्च, तेही रस्त्याची अवस्था तशी असेल तर. कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात तर १ डिसेंबर ते १५ मार्च या काळात लख्ख ऊन पडले तरी सुटका नाही. जर्मनीने मात्र दिनदर्शिका बाजूला ठेवून सरळ रस्त्याकडे बोट दाखवले आहे. रस्ता जसा असेल तसा टायर हवा.

हिवाळी टायर म्हणजे काय, हेही मला तिथेच कळले. उन्हाळी टायरचे रबर थंडीत कडक होते. पारा सात अंशांच्या खाली गेला की त्याची पकड सुटू लागते, असा तिकडचा ठोकताळा आहे. हिवाळी टायरचे रबर थंडीतही मऊ राहते, आणि त्याच्या नक्षीत बारीक बारीक चिरा असतात. त्या चिरांच्या कडा बर्फाला धरून ठेवतात.

“आणि तू भाषेचा मास्तर आहेस म्हणून सांगते,” बहीण म्हणाली, “हा कायदा एका शब्दावरून घसरला होता.”

२००६ साली तिकडच्या वाहतुकीच्या नियमांत एक वाक्य घातले गेले. मोटारीची साधने हवामानाला अनुरूप असावीत आणि त्यांत विशेषेकरून ‘योग्य टायर’ येतात, असा त्याचा आशय होता. वाक्य ऐकायला किती गोंडस! आपल्या परिपत्रकांतल्या ‘योग्य ती कार्यवाही’ आणि ‘योग्य ती खबरदारी’ यांचे सख्खे भावंडच. पुढे एका मोटारवाल्याला हिवाळ्यात उन्हाळी टायरवर गाडी चालवल्याबद्दल दंड झाला. त्याने वर दाद मागितली, आणि जुलै २०१० मध्ये ओल्डेनबुर्गच्या वरिष्ठ न्यायालयाने सांगून टाकले की हा दंड राज्यघटनेत बसत नाही. कोणता टायर योग्य आणि कोणता अयोग्य, हे नियमात कुठेच लिहिलेले नाही. काय केले असता आपल्याला शिक्षा होईल, हे नागरिकाला आधी कळायला हवे.

वाचकहो, मला झालेला आनंद काय सांगू! गेली वीस वर्षे मुलांच्या निबंधांतल्या ‘योग्य’ या शब्दाखाली मी तांबडी रेघ ओढत आलो आहे. इथे एका न्यायालयाने खुद्द सरकारच्या वाक्याखाली ती ओढली होती!

सरकारनेही ती रेघ मनावर घेतली. डिसेंबर २०१० मध्ये नियम नव्याने लिहिला गेला. त्यात रस्त्याच्या पाच अवस्था नावानिशी सांगितल्या आहेत, आणि त्यांपैकी एकही असेल तर हिवाळी टायरवाचून गाडी चालवायची नाही. बहिणीने ते पाच शब्द कागदावर लिहून माझ्यापुढे सरकवले. “कर भाषांतर,” ती म्हणाली.

मी बाह्या सरसावून बसलो. पहिला शब्द ग्लाटआइस : पाऊस पडताक्षणी गोठून रस्त्यावर बसलेला काचेसारखा थर. दुसरा श्नेग्लेटे : चाकांखाली दबून टणक आणि गुळगुळीत झालेला बर्फ. तिसरा श्नेमाच : अर्धवट वितळलेल्या बर्फाचा राडा. चौथा आइसग्लेटे : रस्त्यावर आधीच साचलेले पाणी गोठून झालेले निसरडे. पाचवा राइफग्लेटे : गोठलेल्या दंवाचे निसरडे. यातली गंमत अशी की ‘राइफ’ म्हणजे गोठलेले दंव आणि ‘राइफेन’ म्हणजे टायर. घसरवणारा आणि सावरणारा यांच्यात फक्त एका अक्षराचे अंतर! संध्याकाळपर्यंत माझ्याजवळ राडा, रेंदा, लगदा, निसरडे, घसरडे, बुळबुळीत असा शब्दांचा ढीग जमला. पण गोठण्याला स्वतंत्र शब्द काही सापडेना. आपल्या पावसाने आपल्याला चिखलाची भाषा भरभरून दिली आहे, बर्फाची दिलेली नाही.

नियम मोडला तर साठ युरो दंड आणि फ्लेन्सबुर्ग इथल्या नोंदवहीत एक गुण. असे आठ गुण झाले की परवाना जातो. गुण मिळवणे ही तिकडे नामुष्की आहे, हे आमच्या विद्यार्थ्यांना ऐकवायला हवे!

हे सारे जेवणाच्या टेबलावर फार मजेचे वाटत होते. त्यावरून आम्हा भावंडांत कडाक्याचे भांडण होईल, असे मात्र मला वाटले नव्हते.

झाले असे. बहिणीची मोटार जुनी, त्याच उन्हाळ्यात घेतलेली. तिचे टायर २०१६ साली बनलेले, आणि त्यांच्या अंगावर ‘एम’ आणि ‘एस’ ही दोन अक्षरे. त्यांचा अर्थ चिखल आणि बर्फ. विकणाऱ्याने सांगितले होते की हे बारमाही चालतात. पण टायर कसोटीला न लावताही ही अक्षरे त्यावर छापता येत असत. आमच्या एम. ए.सारखेच ते, अक्षरे खरी, पकडीची हमी नाही. आता नियमाला हवे असते एक चित्र : तीन शिखरांचा डोंगर आणि त्याच्या पोटात हिमाचा स्फटिक. बर्फावरच्या ठराविक परीक्षेत उतरल्याशिवाय टायरवर हे चित्र उमटत नाही. जुन्या अक्षरांना दिलेली सवलत ३० सप्टेंबर २०२४ रोजी संपली. बहिणीने नव्या टायरांसाठी गॅरेजात नाव घालून ठेवले होते, पण पाळी नाताळानंतरची मिळाली. तोवर रस्ते कोरडे होते आणि मोटार रोज धावत होती. कोरड्या रस्त्यावर कायद्याचे काही म्हणणे नव्हते.

माझ्या परतीच्या दिवशी पहाटे खिडकी उघडली तर सगळे गाव पांढरे. रस्त्यावरचा बर्फ दूधवाल्याच्या आणि पाववाल्याच्या गाड्यांखाली दबून चकाकत होता. आमच्या कागदावरचा दुसरा शब्द दारात येऊन उभा राहिला होता. विमान दुपारी फ्रँकफुर्टहून; त्यासाठीची आगगाडी खालच्या गावातून; आणि मध्ये सहा किलोमीटर उताराचा रस्ता. मेहुणे कामासाठी परगावी गेलेले.

“हळू जाऊ,” मी म्हणालो. “काही होत नाही.”

“नाही,” ती म्हणाली, आणि किल्ली खिशात टाकली.

मी घड्याळ दाखवले. ती बसचे वेळापत्रक पाहू लागली. मग मी जे बोललो ते आज लिहितानाही लाज वाटते. “साठ युरो मी भरतो,” मी म्हणालो. “तुला दंडाची भीती वाटते, भावाचं विमान चुकलं तरी चालेल!”

तिने उत्तर दिले नाही. माझी बॅग उचलली आणि चालू लागली. थांब्यावर बस पंचवीस मिनिटे उशिरा आली. चढताना, आयुष्यात पहिल्यांदाच, मी बसचे टायर पाहिले. त्यांवर तो डोंगर होता.

बस मुंगीच्या पावलांनी उतरू लागली. अर्ध्या वाटेवर बहीण खिडकीबाहेर बघत म्हणाली, “बाबा पण असंच म्हणाले होते. हळू जाऊ, काही होत नाही.”

मी गप्प झालो. आमच्या वडिलांची स्कूटर होती. त्या वर्षी तिचे टायर पार गोटा झाले होते आणि बोनस मिळाला की दिवाळीला बदलू, असे ते म्हणत होते. जूनच्या पहिल्या पावसात, तेलकट झालेल्या रस्त्यावर, त्यांनी वळणावर ब्रेक दाबला. मागे आठ वर्षांची माझी बहीण बसलेली. वडिलांच्या पायात सळई घालावी लागली आणि ते अखेरपर्यंत लंगडत चालले. हिचा डावा हात अजूनही कोपरात सरळ होत नाही. मी तेव्हा वसतिगृहात होतो. मला हे सारे पत्राने कळले. म्हणजे तो अपघात मी वाचला होता. ती त्यात होती.

वडील बेफिकीर नव्हते. त्यांच्यासारखा जपून चालणारा मनुष्य मी पाहिला नाही. ते खरोखरच हळू चालवत होते. पण ‘हळू’ हा शब्दही ‘योग्य’चाच भाऊ. ज्याने त्याने आपल्या सोयीने त्यात अर्थ भरावा. तो बोलणाऱ्याला धीर देतो आणि रस्त्याला काहीच सांगत नाही. वीस वर्षे मी दुसऱ्यांच्या शब्दांखाली रेघा ओढल्या. स्वतःच्या तोंडच्या या शब्दाखाली ओढायची राहून गेली होती.

विमान चुकले. नव्या तिकिटाला साठ युरोंच्या कितीतरी पट पैसे पडले, हे कबूल करतो. घरी परत आल्यावर बहिणीने पिठले-भात केला आणि त्या विषयावर एक अक्षरही काढले नाही. दोन दिवसांनी गॅरेजात पाळी आली. चारही चाकांवरचे डोंगर मी स्वतः बोट ठेवून मोजले. दुसऱ्या दिवशी त्याच उतारावरून, तशाच बर्फावरून, तिने मला स्टेशनवर सोडले. चाके रस्त्याला धरून आहेत हे बसल्या जागी कळत होते. तरीसुद्धा पुढच्या गाडीपासून तिने भले मोठे अंतर ठेवले होते. हिवाळी टायर असला तरी बर्फ काही डांबर होत नाही, असे म्हणाली.

येत्या हिवाळ्यात ती आणि मेहुणे आल्प्सच्या बाजूला जाणार आहेत. डोंगरातल्या काही रस्त्यांवर निळी गोल पाटी असते. तिच्यावर साखळी घातलेल्या चाकाचे चित्र. त्या पाटीपुढे, इंजिनाचा जोर ज्या चाकांवर येतो त्यांपैकी निदान दोन चाकांना साखळ्या घातल्याशिवाय जाता येत नाही. ही युक्ती जुनी आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या कॅनास्टोटा गावच्या हॅरी वीड याने १९०४ साली तिचे पेटंट घेतले. चिखलात रुतू नये म्हणून लोक चाकांना दोर गुंडाळत, ते पाहून त्याला ती सुचली असे सांगतात. आपल्यापैकी जे थंडीत गुलमर्गला गेले असतील त्यांनी टनमर्गपाशी टॅक्सीवाल्यांना चाकांना साखळ्या बांधताना पाहिले असेल, आणि ‘किती हा वेळ!’ म्हणून कुरकुरही केली असेल. मीही एकेकाळी केली होती.

साखळी बांधायची सवय बर्फात नव्हे, घरच्या अंगणात कोरड्यात करायची असते. मेहुण्यांनी शेजाऱ्याची साखळी आणून परवा प्रयोग केला. दूरध्वनीवर ते सांगत होते की आकाशकंदिलाच्या दिव्यांची माळ सोडवणे परवडले. मागून बहिणीचा आवाज आला, “दादा, यंदाची ओवाळणी म्हणून आमच्या मापाच्या साखळ्या पाठव. साडी नको.”

मी पैसे धाडून दिले आहेत. आणि जाता जाता तिला विचारले, “साखळ्या घातल्यावर तरी हळू जाशील ना?”

“हळू नाही,” ती म्हणाली. “पन्नास. इथे साखळीवर ताशी पन्नास किलोमीटरच्या पुढे जायचं नाही, असा नियम आहे.”

त्या कायद्याने ‘हळू’लाही आकडा दिला होता.