खुब्याचे हाड मोडले असता

पहाटेच्या वेळी न्हाणीघराच्या ओल्या फरशीवरून घरातील आजींचा पाय घसरतो. पडणे तसे साधेच असते. परंतु त्यांना उठता येत नाही, जांघेत असह्य कळ येते, आणि एक पाय दुसऱ्यापेक्षा आखूड होऊन बाहेरच्या बाजूस वळलेला दिसतो. ही खुब्याचे हाड मोडल्याची लक्षणे होत. अशा वेळी पाय ओढू नये, चोळू नये, उभे करून पाहू नये. उशांचा आधार देऊन तो आहे तसाच स्थिर ठेवावा आणि रुग्णाला आडवे निजवूनच रुग्णालयात न्यावे.

तेथे डॉक्टर शस्त्रक्रिया सुचवितात, आणि कुटुंबात वाद सुरू होतो. “या वयात कापाकापी कशाला? पडून राहू द्या, हाड आपोआप जुळेल.” या बोलण्यामागे माया असते, पण विचार अपुरा असतो. हाड जुळावयास तीन-चार महिने लागतात. तितके दिवस अंथरुणाला खिळलेल्या वृद्धाच्या पाठीला क्षते पडतात, छातीत कफ साचून न्यूमोनिया होतो, पायाच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होतात. त्यांतच पुष्कळांचा अंत होतो.

पूर्वी दुसरा उपायही फारसा नव्हता. छातीपासून पायाच्या बोटांपर्यंत प्लास्टर घालून रुग्णाला महिनोन् महिने निजवून ठेवीत. 1925 साली बोस्टनचे डॉक्टर स्मिथ-पीटरसन यांनी तीन पात्यांचा पोलादी खिळा बसवून खुब्याचे मोडलेले हाड जोडले. पुढे 1939 मध्ये जर्मनीतील कील येथे डॉक्टर क्युंट्शर यांनी मांडीच्या हाडाच्या पोकळीत लांब खिळा घालण्याची पद्धत सुरू केली. आजच्या खिळ्यात या दोन्ही कल्पना एकत्र आल्या आहेत: एक दांडा हाडाच्या पोकळीत उतरतो, आणि त्यातून आडवा जाणारा स्क्रू खुब्याच्या गोलाला धरून ठेवतो. मात्र प्रत्येक मोडीला खिळा चालत नाही. हाडाची मान मोडून सरकली असेल, तर गोलाचा रक्तपुरवठा तुटण्याचा संभव असतो; म्हणून वृद्धांमध्ये पुष्कळदा कृत्रिम गोल बसवितात.

खिळा हाड जुळवीत नाही; ते काम शरीरच करते. खिळा केवळ तुकडे धरून ठेवतो, आणि त्यामुळे हाड जुळण्याची वाट न पाहता रुग्णाला उठता येते. म्हणून प्रकृती साथ देत असेल तर शस्त्रक्रिया एक-दोन दिवसांत व्हावी, आणि दुसऱ्याच दिवशी रुग्णाला बसवून, वॉकरच्या आधाराने उभे करावे. हृदय वा फुप्फुसे दुबळी असल्यास धोका किती, हे डॉक्टरांना अवश्य विचारावे; पण केवळ वयाकडे बोट दाखवून नकार देऊ नये.

येथे खोटी आशाही दाखवू नये. उपचार होऊनही अशा वृद्धांपैकी पाचांत सुमारे एक जण वर्षभरात दगावतो, आणि पुष्कळांना पूर्वीसारखे चालता येत नाही. काठी कायमची सोबत करते. तरीही स्वतःच्या पायांनी न्हाणीघरापर्यंत जाता येणे, ही त्या वयात लहान गोष्ट नव्हे.

शस्त्रक्रियेनंतर काही दिवस आजी नावे विसरतील, रात्री बरळतील. हा गोंधळ बहुधा ओसरतो. त्या वेळी ओळखीचे माणूस जवळ असावे. डाळ, दूध, अंडी असा प्रथिनयुक्त आहार द्यावा. जमिनीवर बसणे डॉक्टर सांगतील तोवर टाळावे आणि शौचासाठी उंच आसन करावे. ताप, जखमेतून स्राव, पोटरीला सूज किंवा जांघेत नव्याने कळ आल्यास ताबडतोब डॉक्टरांकडे जावे.

आणि हाड ठिसूळ झाल्यामुळेच ते मोडले, हे विसरू नये. त्यावरील औषधोपचार सुरू न केल्यास दुसरा खुबाही मोडण्याचे भय राहते. आजी घरी परतण्यापूर्वी न्हाणीघरात हाताशी एक दांडी आणि रात्रभर जळणारा लहानसा दिवा बसवून घ्यावा.