मुकादमाची वही

दिवाळीची सुट्टी संपून महाविद्यालय पुन्हा सुरू झाले, की आमच्या वर्गातील काही बाके रिकामी दिसू लागतात. हजेरीपटावर नावे असतात. माणसे मात्र तोवर पश्चिमेकडच्या उसाच्या फडात पोचलेली असतात. गेल्या वर्षी त्यांत माझी एक मैत्रीणही होती. तिच्या वडिलांनी आदल्या हंगामात उचल घेतली होती. हंगामाच्या मध्यावर ते आजारी पडले आणि बाकी अंगावर राहिली. दसऱ्याला मुकादम दारात येऊन म्हणाला, "कोयता मोडायचा नाही." ऊसतोडीच्या भाषेत नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. वडिलांच्या जागी आईबरोबर मुलगी गेली. बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाची परीक्षा तिने दिलीच नाही.

याला काय म्हणावे? कुणी गरिबी म्हणाले, कुणी नशीब म्हणाले. मला वाटते, याला वेठबिगारीच म्हटले पाहिजे.

हा शब्द मी रागाच्या भरात वापरीत नाही. वेठबिगारी नष्ट करणारा कायदा आपल्या देशात १९७६ साली झाला. घेतलेल्या उचलीपोटी माणसाला किंवा त्याच्या घरातील दुसऱ्या कुणाला राबावे लागत असेल, आणि त्यापायी दुसरीकडे काम शोधण्याची किंवा मोकळेपणाने फिरण्याची मुभा जात असेल, तर ती वेठबिगारी होय, असे तो कायदा सांगतो. असे कर्ज तो रद्द ठरवितो. इतकेच नव्हे, तर हे कर्ज वेठीचे नाही, हे सिद्ध करण्याची जबाबदारी तो सावकारावर टाकतो. पुढे १९८२ साली आशियाई क्रीडा स्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक पाऊल टाकले. किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर राबविणे हीही घटनेच्या २३ व्या कलमाने निषिद्ध केलेली सक्ती आहे, असा निर्णय न्या. भगवती यांनी दिला. भुकेने केलेली सक्ती हीदेखील सक्तीच, हे त्यातले मर्म.

मग उचल फिटत का नाही? हिशेब मांडून पाहू. २०२४ च्या जानेवारीतील करारात तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढून टनाला सुमारे ३६६ रुपये झाला. जोडीने पहाटेपासून राबून दिवसाला दोन टन ऊस तोडला, तर दोघांचे मिळून ७३२ रुपये होतात. चार महिने एकही दिवस न चुकता हेच केले, तर ८७ हजार ८४० रुपये. उचल मात्र अनेकदा लाखाच्या घरात जाते. शिवाय आठवड्याची खर्ची तिच्यातच मिळविली जाते. ताप आला म्हणून कोपीत निजून राहिले, की खाडा पडतो आणि त्याचा दंड बसतो. खाड्याची ही धास्ती किती खोल जाते, ते २०१९ साली दिसून आले. बीड जिल्ह्यात ८२ हजारांहून अधिक ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली, तेव्हा त्यांतील १३ हजारांहून अधिक स्त्रियांची गर्भाशये काढलेली आढळली.

या साऱ्याला जबाबदार कोण? मुकादमाकडे बोट दाखविणे सोपे आहे. पण मुकादम ही या साखळीतली मधली कडी आहे. कारखाना वाहतूकदाराशी करार करतो, वाहतूकदार मुकादमाला पैसे देतो आणि मुकादम मजुराला उचल देतो. कारखान्याला विचारले, तर उत्तर ठरलेले असते, "ते आमचे कामगार नाहीत." ज्यांच्या कोयत्यावाचून गव्हाणीत एक कांडे पडत नाही, ते कारखान्याचे कुणीच नाहीत! प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी घालून दिलेल्या सहकाराच्या वाटेचा आपल्याला रास्त अभिमान आहे. पण त्या सहकारात ऊस पिकविणारा सभासद झाला, ऊस तोडणारा झाला नाही.

साखळी कारखान्याच्या दारातही थांबत नाही. मार्च २०२४ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने महाराष्ट्रातील ऊसतोड स्त्रियांच्या हालांचा वृत्तांत छापला आणि कोका-कोला, पेप्सिको यांसारख्या कंपन्या येथूनच साखर घेतात, हे दाखवून दिले. ब्रिटनने २०१५ साली कायदा करून मोठ्या कंपन्यांना, आपल्या मालामागे गुलामी नाही ना हे पाहण्यासाठी काय केले, याचे निवेदन दरवर्षी देणे भाग पाडले. पण "आम्ही काहीच केले नाही" असे लिहिले तरी तो कायदा पाळल्यासारखे होते! चकचकीत कागदावरच्या अशा निवेदनाने फडातली बाकी एक रुपयानेही कमी होत नाही.

दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. उचल घेऊन मजूर पळून जातात, मुकादम वाहतूकदाराला बुडवितात, अशी तक्रार असते आणि ती सर्वस्वी खोटी नाही. परंतु बुडालेल्या पैशाची दाद न्यायालयात मागावी. माणूस अडकवून, त्याची पोर कामाला जुंपून वसुली करण्याचा अधिकार कुणालाही नाही.

तेव्हा माझे मागणे साधे आहे. कारखान्याने प्रत्येक मजुराशी स्वतः लेखी करार करावा. 'कोयता' हे एकक मोडून बाईची मजुरी बाईच्या खात्यावर जमा करावी. वजनाची पावती आणि उचलीचा हिशेब मजुराच्या हाती राहावा. आजारपणाचा खाडा धरू नये. जी कंपनी साखर विकत घेते, तिने हे घडते की नाही, ते फडात जाऊन पाहावे आणि त्याला लागणारा खर्च दरात धरावा. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने ऊसतोड कामगारांसाठी कल्याण महामंडळ झाले, ही चांगलीच गोष्ट आहे. परंतु कल्याण करण्याआधी हिशेब दाखविला पाहिजे.

पट्टा पडल्यावर मैत्रीण गावी आली, तेव्हा मी तिला भेटायला गेले. बाकी किती राहिली, असे विचारले. ती म्हणाली, "काय माहीत? वही मुकादमाकडं असते."

पदवीच्या उंबरठ्यावर पोचलेल्या मुलीला आपल्याच घामाचा हिशेब वाचायला मिळत नाही! ती वही उघडली गेली पाहिजे. तोवर आपल्या कॅन्टीनमधल्या चहाच्या प्रत्येक कपात कुणाची तरी न फिटलेली बाकी विरघळलेली असणार.