सौद्यात शिरलेला अर्धा सेकंद

तुरीचा सौदा चालला होता. मानोऱ्यातल्या एका धान्य व्यापाऱ्याच्या दुकानात मी बसलो होतो. समोरच्या बाकावर माल घेऊन आलेले दोन शेतकरी. टेबलावर मोबाइल आणि पलीकडे अकोल्याच्या एका दालमिलचा खरेदीदार. फोन इंटरनेटवरून लावलेला, कारण त्यावर मालाचा नमुनाही दाखवता येतो. ‘‘तीनशेचा भाव धरा भाऊ, माल एक नंबर हाय,’’ व्यापारी म्हणाला. पलीकडे शांतता. एक क्षण गेला, दुसरा गेला. व्यापाऱ्याचा धीर सुटला. ‘‘बरं, पन्नास कमी द्या मंग!’’ त्याचे वाक्य पुरे होते न होते तोच पलीकडून आवाज आला, ‘‘चालते, पाठवा.’’

सौदा पन्नास रुपये कमी भावाने तुटला. फोन ठेवल्यावर बाकावरचा तरुण शेतकरी हळूच म्हणाला, ‘‘त्यानं तं आधीच हो म्हटलं होतं.’’ चाळीस क्विंटलला दोन हजार रुपये. ते कोणाच्या पदरातून जाणार, हे त्या बाकावरच्यांना सांगावे लागत नव्हते.

असे का होते? ‘रेंज नाही’ हे आपले ठरलेले उत्तर. पण त्या दुकानात रेंज होती, ब्रॉडबँडही होते. दोष वेगाचा नव्हता, विलंबाचा होता. या दोन गोष्टींची आपण नेहमी गल्लत करतो. रस्ता किती रुंद आहे हा एक प्रश्न आणि गाडी किती वेळात पोहोचते हा दुसरा.

इंटरनेटवर आपला आवाज सलग जात नाही. त्याचे साधारण २० मिलिसेकंदांचे, म्हणजे सेकंदाला पन्नास, तुकडे होतात. प्रत्येक तुकडा पत्ता लावलेल्या पाकिटासारखा स्वतंत्र निघतो. आता अंतर पाहा. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मानोरा ते मुंबई हे सहा-सातशे किलोमीटर धरले, तरी तीन-चार मिलिसेकंद पुरतात. तेव्हा अंतराला बोल लावून चालणार नाही. वेळ जातो तो रांगेत. कापसाच्या हंगामात जिनिंगसमोर गाड्यांची रांग लागते, तशी ही पाकिटे दुकानातल्या राउटरमध्ये, टॉवरवर, कंपनीच्या केंद्रात तिष्ठत राहतात. शेजारच्या खोलीत पोराने सिनेमा उतरवायला घेतला, की आवाजाची पाकिटे त्याच्या मागे अडकतात.

त्यात पाकिटे ठराविक अंतराने पोहोचत नाहीत. काही लवकर येतात, काही उशिरा. म्हणून पलीकडचे यंत्र थोडा साठा करून मगच आवाज ऐकवते. साठा लहान ठेवला तर शब्द तुटतात. मोठा ठेवला तर शब्द स्वच्छ, पण उशिरा येतात. फसगत होते ती या दुसऱ्या प्रकारात. तुटका आवाज आपल्याला सावध करतो, ‘पुन्हा सांगा’ म्हणायला लावतो. स्वच्छ आणि उशिरा आलेला आवाज संशय येऊ देत नाही.

हा प्रश्न जुनाच आहे. नारायणगावजवळच्या आर्वीला १९७१ साली उपग्रह भूकेंद्र सुरू झाले. परदेशी बोलताना आवाज सुमारे छत्तीस हजार किलोमीटर वर जाऊन खाली यायचा आणि त्यात पाव सेकंद जायचा. परदेशी नातेवाईक असलेल्या घरांना ते एकमेकांच्या बोलण्यावर बोलणे आठवत असेल. दूरसंचाराचे नियम ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेची शिफारस आहे की एका बाजूचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असावा. ४०० च्या पुढे तो जाऊच नये.

माणसाचा स्वभावही तसाच आहे. दहा भाषांतल्या संभाषणांच्या २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात प्रश्न आणि उत्तर यांमधले अंतर सरासरी २०० मिलिसेकंदांच्या आसपास आढळले. म्हणजे उत्तराला किती वेळ लागावा, याचा हिशेब आपल्या मनात बसलेलाच असतो. तो चुकला, की आपण दोष तारेला देत नाही, माणसाला देतो. हा कचरतोय, याचे लक्ष नाही, याला गरज नाही, असे वाटू लागते. घरगुती गप्पांत त्याने फारसे बिघडत नाही. सौद्यात मात्र गप्प राहणे हाही एक डाव असतो आणि इथे तो डाव कोणीच न खेळता पडतो.

मोठ्या कंपन्यांना हे ठाऊक आहे. ३० जानेवारी २००८ रोजी अलेक्झांड्रियाजवळ समुद्राखालच्या केबल तुटल्या आणि भारतातल्या इंटरनेटला मोठा फटका बसला. सप्टेंबर २०२५ मध्ये लाल समुद्रात पुन्हा तसेच झाले. अशा वेळी त्यांच्याकडे दुसरी वाट राखलेली असते. आवाजासाठी वेगळी, हमी असलेली जोडणी घेतलेली असते. मानोऱ्याच्या दुकानदाराकडे एकच वाट, आणि तीही साऱ्या गल्लीबरोबर वाटून घेतलेली.

वाशीम जिल्हा २०१८ पासून केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे. जोडणी गावात आली, की आकांक्षा पुरी झाली असे आपण मानतो. पण जोडणी आहे की नाही एवढेच मोजून भागत नाही. ती कामाच्या वेळी कशी चालते, तेही मोजले पाहिजे. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने ऑगस्ट २०२४ मध्ये दर्जाचे नवे नियम काढले. त्यांत विलंब, त्यातला चढउतार आणि गळालेली पाकिटे यांची दखल आहे, हे योग्यच झाले. मात्र सरासरी जेवढ्या मोठ्या प्रदेशाची, तेवढा एखादा तालुका तिच्यात सहज बुडतो. मानोऱ्याचा आकडा मानोऱ्याला कळला पाहिजे, आणि तोही बाजाराच्या वेळेचा.

तोवर काही गोष्टी आपल्या हातात आहेत. बोलण्याचे यंत्र वायफायऐवजी तारेने जोडावे. राउटरमध्ये आवाजाला अग्रक्रम देण्याची सोय असेल तर ती चालू करावी. सौद्याच्या वेळी इतर मोठी उतरवाउतरव थांबवावी. आणि नमुना इंटरनेटवर दाखवला, तरी भाव साध्या फोनवर तोडावा. फोर-जीवरच्या साध्या कॉललाही आवाजाची पाकिटेच असतात, पण कंपनी आपल्या जाळ्यात त्यांना राखीव वाट देते. मग ठरलेला भाव लिहून पाठवावा.

त्या व्यापाऱ्याला मी हे सांगितले. तो म्हणाला, ‘‘म्हंजे तो गप्प नव्हताच?’’ नव्हता. त्याचे ‘चालते’ निघाले होते, रांगेत उभे होते. बाकावरचे दोघे तेवढ्यात उठून मापाकडे गेले होते.