आधी विचारा, मग शिकवा

प्रति,
महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन लिमिटेड (एमकेसीएल), पुणे



२००१मध्ये आपली संस्था उभी राहिली आणि एमएस-सीआयटी या संगणक अभ्यासक्रमामुळे संगणक तालुक्याच्या गावापर्यंत पोचला. हे श्रेय कोणी नाकारणार नाही. शासनाच्या अनेक पदांसाठी त्याचे प्रमाणपत्र किंवा त्याच्या तोडीचे दुसरे लागते, म्हणून एकाच वर्गात बारावी झालेली मुले, पतसंस्थेतले कारकून, अंगणवाडी सेविका आणि निवृत्तीकडे झुकलेले टायपिस्ट शेजारी-शेजारी बसतात. कचेरीतली कारकुनी संपवून मी आता ओळखीच्यांना संगणक शिकवतो, त्या अनुभवावरून हे पत्र.

माझे म्हणणे एवढेच आहे: शिकणारा कोऱ्या पाटीने येत नाही. आधीच्या कामाच्या सवयी त्याच्या हातात असतात आणि तो कुठे अडणार हे बहुतेक वेळा त्या सवयीच ठरवतात.

टायपिस्टचेच पाहा. यंत्रावर ओळ संपली की कॅरेज मागे ढकलायचे, ही हाताची सवय. तो वर्डमध्ये प्रत्येक ओळीला एंटर मारतो. मग साहेबांनी एक शब्द वाढवला की सगळे पत्र विस्कटते. मथळा मध्यावर आणायला तो स्पेसबार दाबत राहतो, कारण यंत्रावर जागा मोजूनच मथळा बसवावा लागे. अनेक जुन्या इंग्रजी यंत्रांवर एक या आकड्याची कळच नसे; तिथे छोटा एल चाले. एक्सेलमध्ये तोच एल टाकला की आकडा मजकूर ठरतो आणि बेरजेतून निमूटपणे वगळला जातो. दिसायला सारे बरोबर, उत्तर चूक! हे अज्ञान नव्हे, चांगली मुरलेली कला आहे. फक्त यंत्र बदलले आहे. त्याला टायपिंग शिकवू नका. परिच्छेद म्हणजे काय, शैली कशी लावायची आणि टॅब कुठे वापरायचा, तेवढे दाखवा.

मराठी कीबोर्डचा प्रश्न वेगळाच. टाइपरायटरच्या रेमिंग्टन मांडणीवर बोटे बसलेल्या माणसाला १९९१च्या भारतीय मानकातला इनस्क्रिप्ट द्यायचा, तर वेग एकदम खाली येतो, कारण स्वर डावीकडे आणि व्यंजने उजवीकडे ही मांडणी त्याला सर्वस्वी नवी असते. अशा माणसाला युनिकोडमध्ये लिहिणारा रेमिंग्टन कीबोर्ड बसवून द्यावा. जुन्या फॉन्टमधले पत्र दुसऱ्या संगणकावर चिन्हांचा कचरा का दिसते, तेही त्याला समजले पाहिजे.

पतसंस्थेतला हिशेबनीस एक्सेलसमोर बसला तरी बेरीज कॅल्क्युलेटरवर करतो आणि उत्तर तेवढे खान्यात लिहितो. प्रशिक्षक हसतात. पण किर्द-खतावणीत मुरलेल्या माणसाने न पाहिलेल्या बेरजेवर विश्वास का ठेवावा? सूत्र शिकवताना त्याला ताळा जुळवण्याची पद्धतही दाखवा. तो तरुणांपेक्षा लवकर पुढे जाईल. त्याच्या संगणकावर तारखेची मांडणी अमेरिकी असेल, तर ३/४ म्हणजे चार मार्च होतो आणि १३/४ ही तारीखच राहत नाही. हा दोष यंत्राच्या सेटिंगचा आहे, त्याचा नव्हे.

मोबाइलवर वाढलेल्या मुलांची अडचण याच्या उलट. बोटे झरझर चालतात, मराठी बोलूनही लिहिता येते. पण फाइल कुठे जतन झाली, हे विचारले की ती गप्प होतात. मोबाइलवर सगळे आपोआप जतन होते, म्हणून फोल्डर ही कल्पनाच त्यांना कधी लागली नाही. कागदाचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठवला की काम झाले, असे त्यांना वाटते. त्यांना फाइलला नाव देणे आणि ती पुन्हा शोधणे इथपासून सुरुवात हवी. अंगणवाडी सेविका मोबाइलवर पोषण ट्रॅकरमध्ये रोजच्या नोंदी करते, तरी माऊस हाती आला की काहीतरी उडेल या भीतीने हात आखडते. तिला पहिल्याच दिवशी कंट्रोल-झेड शिकवा. चूक परत घेता येते हे कळल्यावरच ती प्रयोग करेल.

कोणते बटण कुठे आहे एवढेच पाठ करून दिलेले शिक्षण टिकत नाही. मायक्रोसॉफ्टने ऑफिस २००७मध्ये जुने मेनू काढून रिबन आणली, तेव्हा पाठांतरवाले हवालदिल झाले. लिबरऑफिस समोर आले की आजही तेच होते. काम काय करायचे आहे हे ज्याला समजले आहे, तो बटण शोधून काढतो.

म्हणून तीन विनंत्या. प्रवेशाच्या वेळी प्रत्येकाला विचारावे: यापूर्वी कोणते काम, कशावर करत होता? त्या उत्तरावरून पहिल्या आठवड्याचे धडे वेगळे ठेवावेत. दुसरी, प्रशिक्षकांना चूक दुरुस्त करण्याआधी ती का झाली हे पाहायला शिकवावे; चांगले प्रशिक्षक हे आपणहून करतातच, ते सर्वांच्या पद्धतीत यावे. तिसरी, परीक्षेनंतरही केंद्रावर आठवड्यातून एक तास मदतीसाठी राखावा. तिथे शिकणाऱ्याने आपल्याच कचेरीतली टिपणी किंवा तक्ता घेऊन यावे. खरे अडथळे प्रमाणपत्र मिळाल्यावर, कामाच्या टेबलावरच समोर येतात.

यातल्या एकाही गोष्टीला नवे सॉफ्टवेअर किंवा नवे यंत्र लागत नाही. पुढच्या बॅचच्या प्रवेश अर्जावर तो एक प्रश्न छापून सुरुवात करावी, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त लिपिक