जोडीचा घोडा

सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा घ्यायला आलेल्या माणसाची नजर आधी कुठे जाते, हे एकदा बाजूला उभे राहून पाहण्यासारखे असते. मार्गशीर्षातली थंडी, तापीचा काठ, एकमुखी दत्ताच्या दर्शनाची रांग आणि मैदानावर ओळीने बांधलेली जनावरे. गिऱ्हाईक येते ते रंग पाहते. पंचकल्याणी आहे का, नुकरा आहे का, कानांची टोके एकमेकांना भिडतात का. बरोबर कोणी जाणता असेल तर तो अंगावरून हात फिरवून भोवरे मोजतो, देवमण शोधतो, कुठे गोम नाही ना याची खात्री करतो. मग हलगी वाजते, घोडा दोन पायांवर उभा राहतो आणि सौदा जवळजवळ ठरतोच.

खरी गोम मात्र अंगावर सापडत नाही. घेणाऱ्याच्या घरी आधीच एक घोडा असेल, तर हे नवे जनावर त्याच्या शेजारी कसे राहील, त्याच्या बरोबरीने कसे चालेल, हे कोणी विचारत नाही. मीही विचारले नव्हते. दोन वर्षांपूर्वी त्याच मैदानावर मी उभा होतो. घरी आठ वर्षांची मारवाडी घोडी होती. तापट, पण माझ्या हाताची. मुलगी अकरा वर्षांची. तिला माझ्याबरोबर रपेटीला यायचे होते. तेव्हा दुसरा घोडा हवा. साडेतीन वर्षांचा पंचकल्याणी नर मला आवडला आणि मी तो घेतला.

दोन महिन्यांनी मुलीचे मनगट मोडले. उसाच्या कडेच्या गाडीवाटेवर माझ्या घोडीने जरा पाय उचलला, मागे राहिलेला घोडा तिला गाठायला उधळला, आणि लगाम खेचण्याचे बळ त्या हातांत नव्हते. यात घोड्याची चूक नव्हती. विकणाऱ्याची तर नव्हतीच. घोडा नाचतो असे त्याने सांगितले होते आणि घोडा नाचत होता.

प्लास्टर निघेपर्यंतच्या सहा आठवड्यांत मी बराच विचार केला. दुसरा घोडा निवडताना आपण तो पहिल्यासारखाच शोधतो: देखणा, तेज, लोकांनी वळून पाहावा असा. वास्तविक त्याची निवड त्याच्या पाठीवर बसणाऱ्या कच्च्या स्वारासाठी आणि आपल्या आधीच्या घोड्यासाठी करायची असते. घोडा हे कळपाचे जनावर. सोबत्याने पळ काढला की आधी पळायचे आणि कारण नंतर शोधायचे, हा त्याचा हजारो वर्षांचा शहाणपणा. म्हणजे दोन तापट घोडे एकत्र आणले की भीती दुप्पट होते. एक तापट असेल तर दुसरा थंडच हवा.

थंड घोडा ओळखायचा कसा, हाच अवघड भाग. माथेरानला गेलेल्या कोणालाही वाटते की तिथले घोडे गरीब आहेत, कारण ते एकामागून एक मुकाट चालतात. पण पुढच्याच्या शेपटीमागे चालणे आणि मनाने शांत असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्याचा सगळा धीर पुढच्या घोड्यावर टेकलेला असतो, तो पुढचा दिसेनासा झाला की बिथरू शकतो. म्हणून घोडा बघायला जाल तेव्हा त्याला इतरांपासून तोडून एकट्याला वाटेवर न्यायला सांगा. अर्ध्या मैलावर त्याचे खिंकाळणे थांबते का, कान कुठे असतात, परतताना तो चालत येतो की ओढत आणतो, ते पाहा. मग दुसऱ्या घोड्याच्या पुढे चालवा, मागे चालवा, आणि शेवटी उभा करून दुसऱ्याला त्याच्या समोरून दौडत जाऊ द्या. तो जागचा हलला नाही तर अर्धे काम झाले. हे सगळे यात्रेच्या गर्दीत जमत नाही. शक्य तर मालकाच्या घरी जावे, आणि दुसऱ्या खेपेला न कळवता जावे. खोगीर आधीच चढवून ठेवलेले असेल तर ते उतरवायला लावून आपण चढवावे.

वयाबद्दल माझे मत लोकांना पटत नाही. मुलासाठी दहा-बारा वर्षांचा घोडा चांगला. पाच वर्षांपर्यंत दुधाचे दात जाऊन समोरचे कायमचे दात पूर्ण येतात, त्यामुळे कोवळे जनावर तोंड उघडून ओळखता येते, आणि ते ओळखले की पुढे चालावे. जुना घोडा म्हणजे संपलेला घोडा, ही समजूत चुकीची आहे. नीट ठेवलेला घोडा विशीपर्यंत हलकी सवारी देतो. दुसरे, नर. आपल्याकडे घोडा खच्ची करणे कमीपणाचे मानतात, जणू मालकाचीच काही इज्जत त्यात जाते. पण घरी घोडी असताना पोराला नरावर बसवणे हा शुद्ध अविचार आहे, आणि तो मी केलेला असल्यामुळे हे मी अधिकाराने सांगू शकतो. अख्ता किंवा दुसरी घोडी, एवढेच दोन पर्याय.

आणि चाल. इथे माणसे दौड जुळवायला जातात. पण रपेटीतला बहुतेक वेळ साध्या चालीत जातो. मारवाडी-काठियावाडी जनावरांत रेवाल चाल असते. स्वार हलत नाही आणि वाट मात्र सरते. तिच्या शेजारी दुडक्या चालीचा घोडा ठेवला की त्याचा स्वार तासभर उसळत राहतो. चाल अगदी जुळली नाही तरी चालेल, पण झपाझप चालणारे जनावर पक्क्या स्वाराकडे हवे. रोखून धरण्याचे काम ज्याला येते त्याने ते करावे.

आम्हाला जोडीचे जनावर शेवटी मिळाले ते फलटणच्या बाजूला, एका धनगराच्या वाड्यावर. भीमथडीचे तट्टू राज्यगीतामुळे आता शाळकरी पोरांनाही नावाने ठाऊक आहे, पण त्याला विकत घ्यायला कोणी जात नाही. मातकट रंगाची, बारा वर्षांची घोडी. पाठीवर बिऱ्हाड, कोंबड्या आणि एखादे कोकरू घेऊन कळपाबरोबर चालत आलेली. मी सांगितलेल्या सगळ्या परीक्षा तिच्यावर करू लागलो तेव्हा म्हातारे धनगर हसले. “पावणं, हिच्या पायात कुत्री भांडत्यात, तवा बी ही खालीच बघती,” म्हणाले. कडक जमिनीवर दुडकत नेऊन तेवढे पाहिले. लंगड्या पुढच्या पायावर भार आला की घोडा डोके वर झटकतो, तसे काही नव्हते. पंचकल्याणी पूर्वीच एका पक्क्या स्वाराकडे गेला होता.

नव्या जनावराला लगेच जुन्याशेजारी बांधू नये. आम्ही तिला तीन आठवडे लांब ठेवले, पाणी-चंदीची भांडी वेगळी. ग्लँडर्स हा रोग घोड्यांतून माणसालाही होतो, म्हणून डॉक्टरांकडून रक्त काढून तपासून घेतले. मग मध्ये कुंपण ठेवून दोघींची भेट. माझ्या मारवाडी घोडीने किंचाळून पुढचा पाय आपटला, कान पाडले, दोन दिवस थयथयाट केला. तट्टाणीने पाठ फिरवली आणि कडबा खाल्ला.

दहाव्या दिवशी दोघी कुंपणावरून एकमेकींच्या मानेच्या मुळाशी, खोगीर सुरू होते त्याच्या जरा पुढे, दातांनी खाजवत उभ्या होत्या. फ्रान्समधल्या कामार्ग घोड्यांवर केलेला एक अभ्यास १९९३ साली प्रसिद्ध झाला होता. नेमक्या याच जागी खाजवले की घोड्याच्या हृदयाचे ठोके मंदावतात, असे त्यात दिसले. स्वित्झर्लंडने २००८ च्या नियमावलीत घोड्याला दुसरा घोडा दिसला, ऐकू आला आणि त्याचा वास आला पाहिजे, असे बंधनच घातले. आपल्याकडे ‘एकटा घोडा जास्त लळा लावतो’ असे अजून कौतुकाने सांगतात. मीही सांगत असे. मग एका पहाटे मी तबेल्यात गेलो तर माझी घोडी चारी पाय पसरून आडवी झोपलेली होती आणि तट्टाणी तिच्याजवळ उभी होती. घोडा उभ्याने डुलकी घेतो, पण गाढ झोपेसाठी त्याला आडवे व्हावे लागते, आणि पहाऱ्याला कोणी असले तर तो निर्धास्त होतो. इतकी वर्षे तिला असे झोपलेले मी क्वचितच पाहिले होते. ज्याला मी तिचे तेज समजत होतो, त्यातला काही भाग नुसता जागरणाचा होता.

सोबतीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. दोघी इतक्या चिकटतात की एक बाहेर काढली तर दुसरी दाव्याला हिसके देते. म्हणून आठवड्यातून दोनदा मी एकेकीला वेगळी नेतो, आधी फाटकापर्यंत, मग ओढ्यापर्यंत. चारा दुप्पट, नालबंद दुप्पट, हे तर आहेच.

वजनाचाही हिशेब आहे. खोगिरासकट स्वाराचे वजन घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्शावर जाऊ नये, असा साधारण दंडक आहे. तट्टाणी अंदाजे २२५ किलोंची, म्हणजे मर्यादा ४५. घेतली तेव्हा मुलगी ३२ किलोंची होती आणि खोगीर ७. गेल्या महिन्यात शाळेत वजने घेतली. संध्याकाळी ती तबेल्याच्या दारात उभी राहून म्हणाली, “बाबा, अडतीस.” आणि मग, मी काही म्हणायच्या आत, “पण हिला कुठे पाठवायचं नाही हं. दोघींना वेगळं नाही करायचं.”

तेव्हा आता तिसरा घोडा कुठे बांधायचा, याचे माप घेणे चालू आहे.